दोघांमधले बोलणे

आपल्याकडे काही पुस्तकांना घरात आणल्याबरोबर वर्तमानपत्राचे कव्हर चढते. कामजीवनावरचे पुस्तक त्यांत पहिले. ते कपाटात मागच्या रांगेत राहते, पाहुणे आले की आणखी मागे सरकते, आणि कुणाचे लग्न ठरले की मित्राच्या पिशवीतून गुपचूप त्याच्याकडे पोचते. वाचकांनी या विषयाकडे येताना मनातल्या मनात असे कव्हर घातले असेल, तर त्याबद्दल कानकोंडे होण्याचे कारण नाही. संकोच सोबत घेऊनही आत येता येते. तुमच्या आधी येऊन बसलेल्या बहुतेकांनी तेच केले आहे.

विषय सांगायला सोपा आहे. प्रेमात किंवा संसारात असलेल्या दोन माणसांनी शरीराच्या जवळिकीबद्दल एकमेकांशी कसे बोलावे, होकार कसा विचारावा, नकार कसा द्यावा आणि तो कसा ऐकून घ्यावा, एवढाच त्याचा गाभा. पण तो धरून चालू लागले की वाटेत कायदा लागतो, वैद्यक लागते, इतिहास आणि साहित्य लागते. इतकेच काय, घरात खोल्या किती हेही पाहावे लागते. वकील एका दाराने आत येतो, डॉक्टर दुसऱ्या, समुपदेशक तिसऱ्या. आणि नुकते लग्न झालेले जोडपे, ज्याला या सगळ्याची गरज सर्वांत जास्त, ते बाहेरच घुटमळत राहते. ही प्रस्तावना मुख्यतः त्याच्यासाठी आहे. ज्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली आणि ‘आता आमचं काय बोलायचं राहिलंय’ असे ज्यांना वाटते, त्यांनीही थोडा वेळ टेकावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवणे बरे. संमतीवर मराठी समाजाने चारचौघांत एकशेचाळीस वर्षे वाद घातला आहे, आणि पुष्कळदा मोठ्या धैर्याने घातला आहे. न्यायालयात घातला, वर्तमानपत्रांत घातला, सभा उधळून घातला. पण ज्या दोघांचा हा प्रश्न, त्यांच्या खोलीत मात्र त्याच काळात फारसे कुणी काही बोलले नाही. चव्हाट्यावरची ही गडबड आणि घरातली ही शांतता यांच्यामधले अंतर हाच या अभ्यासाचा खरा विषय आहे, असे मला वाटते.

त्या गडबडीची सुरुवात कुठून धरायची, यावर मतभेद होऊ शकतील. मी ती रखमाबाईंपासून धरतो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे होते की अजाण वयात लावून दिलेल्या या लग्नाला माझी संमती नव्हती, मला या माणसाबरोबर राहायचे नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात पारडे फिरले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची स्वतःची पत्रे ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने छापून आली होती, आणि हा खटला विलायतेपर्यंत गाजला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

पाठोपाठ आला संमतिवयाचा कायदा. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली, त्याचा धक्का मोठा होता; मुंबईत बेहरामजी मलबारींनी आधीपासून हा प्रश्न लावून धरलेला होता. १८९१ मध्ये वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. पुण्यात सभा उधळल्या गेल्या. शाळेच्या इतिहासात हा वाद सुधारक आणि सनातनी यांच्यातली लढाई म्हणून शिकवला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण आज ते लेख वाचताना एक उणीव खुपते. दोन्ही बाजूंनी शास्त्राधार निघाले, वैद्यकीय पुरावे निघाले, सरकारने धर्मात हात घालावा की नाही यावर रकानेच्या रकाने भरले. त्या मुलीला स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची गरज जवळजवळ कुणालाच भासली नाही. संमतीवर एवढे रण माजले, पण ती मोजायची कशाने, तर निव्वळ वयाने. तीच मोजपट्टी पुढे वाढत गेली: १९२५ मध्ये चौदा, १९४९ मध्ये सोळा, आणि २०१२ च्या बालक लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे पॉक्सोने, अठरा.

हे सारे आधुनिक काळाचे, इंग्रजी विद्येबरोबर आलेले फॅड आहे, असे वाटणाऱ्या वाचकांनी थोडे मागे जाऊन पाहावे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’बद्दल सर्वांनी ऐकलेले असते, वाचलेले फार थोड्यांनी. त्याच्या तिसऱ्या भागात नववधूचा विश्वास कसा मिळवावा यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लग्नानंतरच्या पहिल्या तीन रात्री संयमाने राहावे, तिच्याशी बोलावे, ती लाजून उत्तर देत नसेल तर नुसत्या मानेने हो-नाही म्हणू द्यावे, तेही जमले नाही तर तिच्या मैत्रिणीला मध्ये घालून संवाद सुरू करावा, आणि विश्वास बसण्याआधी घाई केली तर ती स्त्री या गोष्टीचाच तिरस्कार करू लागते, असा इशारा त्यात आहे. याचा अर्थ वात्स्यायन आजच्या अर्थाने समतावादी होता असा नव्हे. त्याच ग्रंथात पुढे मुलीला फसवून किंवा पळवून नेऊन लग्न करण्याच्या तऱ्हाही दिलेल्या आहेत, आणि सगळा उपदेश पुरुषाच्या बाजूने आहे. तरीही आधी बोलणे, मग स्पर्श, हा क्रम आपल्याकडे दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणाला तरी लिहून ठेवावासा वाटला, याची नोंद घ्यायला हवी.

महाराष्ट्राचा वारसा तर याहून रसरशीत आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या बायका शेतावर, नदीकाठी, पावसाळ्यात प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत बोलतात. त्यांना काय हवे आणि काय नको हे त्या सखीला बिनदिक्कत सांगतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मराठी आवृत्ती सिद्ध केली, ती या विषयाच्या प्रत्येक वाचकाने चाळावी. पुढे लावणी आली, आणि जात्यावरची ओवी तर अगदी कालपरवापर्यंत चालू होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे सगळे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. बाई बोलते, पण सखीशी, जात्याशी, भावाशी, देवाशी. ज्याच्याबद्दल बोलते त्याच्याशी क्वचितच. इच्छा उघड बोलण्याची परंपरा आपल्याला आहे. एकमेकांशी बोलण्याची मात्र घडवावी लागणार आहे.

ती घडवायला पहिला मोठा हात लावला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी पुढे नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवू लागले. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. या साऱ्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई सोबत होत्या. स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि तिच्या सुखाचा विचार झालाच पाहिजे, हे कर्वे त्या काळात छापून सांगत होते. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि खटला कशावर, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर.

त्या प्रश्नोत्तरांपाशी वाचकांनी अवश्य थांबावे. कर्व्यांची उत्तरे पुष्कळदा तुटक आहेत, कधी कधी फटकळही. गोड बोलून समजूत घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्या उत्तरांहून मला त्यांना आलेले प्रश्न मोलाचे वाटतात. कुठल्या कुठल्या गावांतून माणसे एका अनोळखी संपादकाला आपल्या शरीराबद्दल, शंकांबद्दल, अपराधी वाटण्याबद्दल लिहीत होती. घरातल्या माणसाला जे विचारता येत नव्हते ते टपालाने मुंबईला विचारले जात होते. हा सिलसिला नंतरही थांबला नाही. डॉ. विठ्ठल प्रभूंची पुस्तके मराठी घरांत त्याच भुकेने वाचली गेली, आणि मुंबईतच डॉ. महिंदर वत्स यांनी नव्वदी ओलांडल्यावरही इंग्रजी वर्तमानपत्रात अशा प्रश्नांना मिस्कील उत्तरे देणे सोडले नाही. सदरांची गरज मला मान्य आहे. पण एखाद्या समाजात जोडीदारापेक्षा संपादकाला विचारणे सोपे वाटत असेल, तर त्या समाजाने त्याचा विचार करायला हवा. शाळेकडून मदत होण्याची शक्यता होती, तीही हुकली: किशोरवयीनांसाठी आखलेला शिक्षणक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी थांबवला.

कायद्याच्या गल्लीत नवख्या वाचकाने फार काळ रेंगाळू नये, पण तिच्यातले एक वळण चुकवूही नये. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण या नावाने ते ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र त्यांना दोषी ठरवताना एक मूलभूत फरक केला: भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणे निराळे, आणि मनापासून तयार असणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत वगैरे कारणांनी हा निर्णय फिरवला, तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला. नागपूर खंडपीठाने केलेला तो फरक संहितेत नीट उतरायला मात्र २०१३ उजाडावे लागले. आता कायद्याच्या लेखी संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने दिलेला निःसंदिग्ध आणि स्वेच्छेचा होकार. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून होकार होता असे धरता येत नाही. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. या एका बाबतीत ते मोडीत निघाले, हे चांगलेच झाले.

आणि तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पत्नी अठरा वर्षांची झाली असेल तर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार धरली जात नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये ही सूट काढावी अशी शिफारस केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये त्यावर परस्परविरोधी निकाल दिले. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे, आणि त्याखाली पत्नीला संरक्षण मागता येते. कायद्यात सूट आहे म्हणून घरातही सूट आहे, असा अर्थ कुणी काढू नये. कायदा गुन्ह्याची शिक्षा ठरवतो. संसार कसा करावा हे तो सांगत नाही, आणि सांगूही शकणार नाही.

आता घराकडे वळू. माझ्या मते खरा मजकूर इथे आहे.

गिरणगावातल्या चाळीची दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. सासूसासरे, दीर, दोन मुले, आणि मधोमध दोरीवर टाकलेली जुनी साडी. त्या साडीपलीकडे दोघांचा संसार. तिथे आवाज करून चालत नाही, कारण कोपऱ्यातला खोकला झोपेतला आहे की जागेपणीचा, हे सांगता येत नाही. जे काही व्हायचे ते अंधारात, घाईत आणि मुकाट्याने. अशा खोलीत ‘तुला काय वाटतं’ हा प्रश्न विचारणार कसा, आणि उत्तर देणार कसे? आपल्या दोन-तीन पिढ्यांचे वैवाहिक जीवन असे मुके गेले, ते केवळ संस्कारांमुळे गेले असे मला वाटत नाही. जागाच नव्हती. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून बसलेली जोडपी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की मुंबईत दोघांना सलग तासभर बोलता येईल अशा जागा त्या कठड्याखेरीज फार नाहीत. आज वन बीएचके आला. तरी हॉलमध्ये आईवडील झोपतात, आणि बेडरूमच्या दाराची कडी लावली तर तिचा आवाज साऱ्या घराला जातो.

मुक्या खोलीतही काही ना काही बोलले जातेच. ‘मुलं झोपली का?’ हा प्रश्न मुलांबद्दल नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. स्टेशनाबाहेरून आणलेला गजरा काही सांगत असतो. ‘उद्या पाणी लवकर येतं, पहाटे उठायचंय’ हा नकार असतो, आणि ‘डोकं दुखतंय’ हाही. या खाणाखुणांची टिंगल करणे सोपे आहे. मी करणार नाही. त्यांत एक नजाकत आहे, दुसऱ्याचे मन न दुखवण्याची काळजी आहे, आणि ज्या जोडप्यात दोघांचा शब्द सारख्या वजनाचा असतो तिथे त्या आयुष्यभर छान पुरतात. अडचण तिथे येते जिथे एकाचा शब्द भारी असतो. मग खूण ज्याला हवी तशी तो वाचतो. डोकेदुखीवर बाम आणून दिला जातो, आणि बाम लावून झाल्यावर अपेक्षा पूर्ववत.

याचा अंदाज आकड्यांतही येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत एक प्रश्न होता: नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे अन्य स्त्रियांशी संबंध असतील, किंवा पत्नी थकलेली असेल वा तिची इच्छा नसेल, तर तिने नकार देणे योग्य आहे का? या तिन्ही कारणांसाठी योग्य आहे असे म्हणणाऱ्या स्त्रिया ८० टक्के, पुरुष ६६ टक्के. नको असेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो असे ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. गोव्यात हे प्रमाण ९२ टक्के, देशात सर्वांत जास्त. गोवेकरांना याचा अभिमान वाटावा, आणि तो वाजवी आहे. पण ८० आणि ६६ यांच्यामधले चौदा टक्के मला अधिक बोलके वाटतात. कित्येक घरांत एकजण नकाराला हक्क समजतो आणि दुसरा आगळीक, आणि दोघे एकाच पलंगावर झोपतात.

मग बोलायचे कसे? इथे वाचक नियमांची यादी मागतो, आणि अनुभवी समुपदेशक ती द्यायला कचरतो. तरी काही गोष्टी खात्रीने सांगता येतात. पहिली अशी, की हे बोलणे अंथरुणावर सुरू करू नये. रात्री जेवणे उरकल्यावर ओट्यापाशी भांडी पुसताना, स्कूटरवरून चक्कर मारताना, एकमेकांकडे थेट पाहण्याची सक्ती नसते अशा वेळी जीभ सैल सुटते. दुसरी, विचारणाऱ्याने उत्तराला खरोखर जागा ठेवावी. ‘चालेल ना?’ असे विचारले की समोरच्याने मान हलवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. ‘आज तुला कसं वाटतंय? नुसतं पडून गप्पा मारू या का?’ असे विचारले की तीन-चार वाटा उघड्या राहतात. आणि आपल्याला काय आवडते हे आधी स्वतः सांगावे. दुसऱ्याची उलटतपासणी घेऊ नये. १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी जोडप्यांसाठी जी उपचारपद्धत मांडली, तिची सुरुवात गमतीची आहे. काही काळ समागम पूर्ण बंद. फक्त स्पर्श, आणि तो कसा वाटला याकडे लक्ष. अंतिम टप्प्याचे ओझे उतरले की माणसे बोलू लागतात, हा त्यातला शोध. वात्स्यायनाच्या तीन रात्री इथे कुणाला आठवल्या तर नवल नाही.

इच्छा आणि संमती या दोन गोष्टींची गल्लत नवखे वाचक हमखास करतात. इच्छा आपोआप उसळली तरच ती खरी, असे सिनेमाने आपल्याला शिकवले. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये दाखवून दिले, की पुष्कळ जणांत, विशेषतः दीर्घ सहवासातल्या स्त्रियांत, आधी जवळीक, आपुलकी, निवांतपणा येतो आणि इच्छा मागाहून जागी होते. म्हणजे सुरुवातीला मनात फारसे काही नसताना ‘बघू या’ म्हणून आनंदाने पुढे होणे यात वावगे काही नाही. तो होकार स्वतःचा असला, आणि वाटेल तिथे ‘आता पुरे’ म्हणता आले, की झाले. उलट इच्छा असूनही आज नको म्हणण्याचा हक्क तेवढाच शाबूत असतो. हा फरक एकदा समजला की ‘तुला मी आवडेनासा झालोय का?’ अशा दुखऱ्या प्रश्नांतले निम्मे गळून पडतात.

दुसरी गल्लत नकाराच्या परिणामांची. ‘आमच्यात कधी जबरदस्ती नसते’ असे सांगणारे घर पुढे सहज सांगते, की नाही म्हटले की तीन दिवस अबोला. डबा न घेता ऑफिसला जाणे, भांडी आपटणे, मुलांमार्फत निरोप. हात कुणीच उगारलेला नसतो. पण नकाराची वसुली अशी होत असेल, तर चौथ्या दिवशी मिळालेल्या होकाराला काय म्हणावे? या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न मला हा वाटतो, आणि तो पुरुषांपुरता नाही. अबोला धरण्यात बायकाही मागे नसतात. नकार ऐकून ‘बरं’ म्हणणे, आणि सकाळचा चहा रोजच्यासारखाच होणे, एवढे ज्या घरात घडते तिथला होकार खणखणीत असतो.

विचारत बसले की सगळा रंग जातो, ही तक्रार जुनी आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अँटिऑक कॉलेजने प्रत्येक टप्प्यावर तोंडी विचारण्याचा नियम केला, तेव्हा तिकडच्या दूरचित्रवाणीवर त्याची यथेच्छ खिल्ली उडाली. नियम जरा कडकच होता, हे कबूल. पण पाठलाग करणारा नायक आणि शेवटी विरघळणारी नायिका यांच्या सिनेमांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी रंग जाण्याची फिकीर करावी, याचे हसू येते. पाहुण्यासाठी स्वयंपाक करतानाही आपण ‘तिखट चालतं ना, की बेताचं करू?’ असे विचारतो. त्याने जेवणाची गोडी कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

लग्नाबाहेरच्या आणि समलिंगी जोडप्यांबद्दल इथे थोडक्यात लिहितो, ते महत्त्व कमी म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. पुण्यातल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांनी मराठीतून त्यांच्याबरोबर काम केले आहे. या जोडप्यांना नवरा-बायकोचा ठरीव साचा उपलब्ध नसतो, म्हणून पुष्कळ गोष्टी आपसांत बोलून ठरवाव्या लागतात. विवाहितांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. तरुण वाचकांनी मोबाइलचे एक भान ठेवावे. खासगी छायाचित्र काढू दिले म्हणजे ते पुढे पाठवायला परवानगी दिली असे होत नाही, आणि एखाद्या स्त्रीचे असे छायाचित्र तिच्या संमतीवाचून पसरवणे हा गुन्हा आहे, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

पुरुषांनी हा विषय बायकांचा म्हणून बाजूला ठेवू नये. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने स्त्रियांना बोलते केले, आणि १९९३ पासून मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना मुलग्यांशी याच गोष्टी बोलत आली आहे. तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक जरूर मिळवावा. नकार ऐकायचा सराव नसलेल्या मुलग्याला प्रेमही नीट करता येत नाही, हे तिथल्या लेखनातून पुन्हा पुन्हा जाणवते.

वाचनाचा क्रम सुचवायचा तर कायदा शेवटी ठेवावा. आधी ‘गाथासप्तशती’ आणि ओव्या वाचाव्यात, म्हणजे विषयातली कटुता कमी होते; मग ‘समाजस्वास्थ्य’; मग रखमाबाई. शक्य असेल तर दोघांनी मिळून वाचावे, आणि जिथे पटत नाही तिथे समासात तसे लिहावे. लग्न ठरलेल्या मुलामुलींना थोरामोठ्यांनी ‘जा, गच्चीत बोलून या’ म्हणून जी दहा मिनिटे दिलेली असतात, ती पगार आणि आवडीच्या भाज्यांवर संपतात. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या महिन्यांत त्यांनी निदान एवढे तरी बोलून ठेवावे, की आपल्यात ‘नको’ कसे सांगायचे.

आणि एक शेवटचे, जे वाचल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ नये. या विषयातले सारे मार्गदर्शन अशा जोडप्यांसाठी आहे, जिथे नाही म्हणायला भीती वाटत नाही. जिथे नाही म्हटल्यावर मार बसतो, पैसे बंद होतात, मुले हिरावून घेण्याची धमकी मिळते, तिथे ‘नीट बोलून बघ’ हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. तुम्ही अशा घरात असाल, तर आधी बाहेरची मदत घ्यावी. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे, तातडीच्या वेळी ११२, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तुमच्या जिल्ह्यातही आहेत.